खान्देशच्या उन्हात आयपॅड मिनी: शिकाऊ वैमानिकाच्या मांडीवरचा नकाशा

ए१७ प्रो चिपचा आयपॅड मिनी ऑक्टोबर २०२४मध्ये भारतात आला, तेव्हा वाय-फाय मॉडेल ४९,९०० रुपयांपासून होतं आणि सेल्युलर ६४,९०० पासून. अभ्यासाच्या पीडीएफ वाचायला पहिलं पुरेसं आहे. विमानात नकाशा म्हणून वापरायचा असेल, तर मात्र मधल्या पंधरा हजारांवरच सगळं अवलंबून आहे. वाय-फाय मॉडेलमध्ये जीपीएसचा रिसीव्हरच नसतो. घरी तो आपली जागा बरोबर दाखवतो, कारण आजूबाजूच्या वाय-फायवरून अंदाज बांधतो. चार हजार फुटांवर वाय-फाय कुठून येणार? निळा ठिपका हँगरपाशीच बसून राहतो. सेल्युलर मॉडेलमध्ये रिसीव्हर आतच असतो. ई-सिम सुरू केलं नाही, महिन्याचा प्लॅन घेतला नाही, तरी जीपीएस चालतं. तेव्हा दुकानदाराने 'दोन्ही सारखेच' म्हटलं तरी ऐकू नका. वाय-फायवाला आधीच घेऊन ठेवला असेल तर ब्लूटूथने जोडायचा वेगळा रिसीव्हर लागेल. गार्मिनचा ग्लो २ त्यासाठी चांगला आहे, पण चार्ज करायची आणि विसरायची आणखी एक वस्तू वाढते.

हे परीक्षण एकाच कामापुरतं आहे: शिरपूर, धुळे किंवा जळगावहून सेसना १७२ घेऊन सोलो क्रॉस-कंट्रीला, म्हणजे एकट्याने दूरच्या गावापर्यंतच्या उड्डाणाला, निघालेल्या विद्यार्थ्याला, परवानगी नसताना नियंत्रित हवाई क्षेत्रात शिरण्यापासून हा टॅब किती वाचवतो? बराच वाचवतो. पण जिथे फसवतो तिथे वाईट फसवतो, आणि त्या जागा माहीत नसतील तर टॅब नसलेला विद्यार्थी जास्त सुरक्षित म्हणावा लागेल, कारण तो निदान खिडकीबाहेर बघत असतो.

आधी चूक कशी होते ते पाहू. धुळ्याहून चाळीसगाव हवाई अंतराने साधारण ३० नॉटिकल मैल, आग्नेयेकडे. शंभर नॉटच्या, म्हणजे तासाला शंभर नॉटिकल मैलांच्या, वेगाने अठरा मिनिटांचा टप्पा. उन्हाळ्यात दुपारी पश्चिमेचा वारा २० नॉटने वाहत असेल आणि हेडिंगमध्ये, म्हणजे विमानाचं नाक धरायच्या दिशेत, त्याचा हिशेब धरला नसेल, तर अठराव्या मिनिटाला विमान चाळीसगावच्या पूर्वेला सहा मैलांवर असतं. मे महिन्यात हवेत धूळ असते. दृश्यमानता ५ किलोमीटर, म्हणजे दृश्य उड्डाणाच्या किमान मर्यादेवर असेल, तर पावणेतीन नॉटिकल मैलांपलीकडचं दिसत नाही. गाव उजवीकडे धुरकटात हरवलेलं असतं. विद्यार्थ्याला वाटतं, आत्ता दिसेल, अजून दोन मिनिटं. दोन मिनिटांत सव्वातीन मैल पुढे. समोर अजिंठ्याच्या डोंगररांगेचा कडा येतो, उंची वाढवावी लागते, आणि डोंगरापलीकडे छत्रपती संभाजीनगरच्या विमानतळाचं क्षेत्र असतं. धुळ्याहून नैर्ऋत्येला भरकटलात तर वाटेत ओझर, एचएएलचा विमानतळ. म्हणजे हद्द ओलांडणारा माणूस बेफिकीरच असतो असं नाही. बहुतेक वेळा तो हरवलेला असतो आणि हरवल्याचं कबूल करायला पाच मिनिटं उशीर करतो.

ती पाच मिनिटं हा टॅब खरोखर वाचवतो. ठरवलेली रेघ आणि विमान जमिनीवरून प्रत्यक्ष कापत असलेली दिशा, दोन्ही एकाच पडद्यावर दिसतात. वाऱ्याने नाक एकीकडे आणि वाट दुसरीकडे झाली की दुसऱ्याच मिनिटाला कळतं. ८.३ इंचांचा पडदा आणि ३०० ग्रॅमच्या आतलं वजन गुडघ्यावर बरोबर मावतं. अकरा इंचाचा मोठा आयपॅड सेसनात कंट्रोल कॉलमला अडतो, आणि फोनवर हद्दीचं लेबल वाचताना डोळे फार वेळ आत राहतात. आकाराच्या बाबतीत मिनीला तोड नाही.

तरीही चाळीसगावच्या टप्प्यावर टॅबइतकाच पक्का आधार खाली जमिनीवर आहे. मुंबई-भुसावळ मुख्य रेल्वेमार्ग नांदगाव, चाळीसगाव, पाचोरा, जळगाव असा आडवा जातो. धुळ्याहून येताना तो ओलांडल्याशिवाय दक्षिणेला जाताच येत नाही. खाली रुळ दिसले आणि गाव दिसलं नाही, तर वारा पश्चिमेचा आहे, म्हणजे गाव उजव्या हाताला. तिथेच उजवीकडे वळून रुळ धरायचे. चाळीसगावला धुळ्याची शाखा येऊन मिळते, त्या फाट्यावरून खात्री होते. उत्तरेकडच्या टप्प्यात तापीचं पात्र आणि त्यापलीकडची रावेर-यावलची केळीची पट्टी हेच काम करते. मे महिन्यात सगळा मुलूख करडा पडलेला असताना ती एकच हिरवी असते. भुसावळजवळ दीपनगरच्या औष्णिक केंद्राच्या चिमण्या आणि हतनूरचा जलाशय. या खुणा नियोजन करताना टॅबच्या नकाशावर हाताने टाकून ठेवा. अ‍ॅप त्या आपण होऊन ठळक दाखवत नाही.

आता सर्वांत मोठी उणीव, आणि ती आयपॅडची नाही, अ‍ॅपमधल्या माहितीची आहे. विमानोड्डाणाची बहुतेक अ‍ॅप्स अमेरिका किंवा युरोप डोळ्यांसमोर ठेवून बनलेली आहेत. तिकडच्या प्रत्येक हद्दीचा रंग, तळ, माथा, फ्रिक्वेन्सी त्यांत असते. भारतासाठी तेवढंच तपशीलवार असेल असं गृहीत धरू नका. पैसे भरण्याआधी चाचणीच्या मुदतीत जळगाव, ओझर, छत्रपती संभाजीनगर, इंदूर आणि सुरत उघडा. भोवतीच्या हद्दी, त्यांची खालची-वरची मर्यादा आणि फ्रिक्वेन्सी एआयपीशी, म्हणजे देशाच्या अधिकृत हवाई माहिती-पुस्तिकेशी, ताडून पाहा. भारताची एआयपी विमानतळ प्राधिकरणाच्या संकेतस्थळावर फुकट वाचता येते. अ‍ॅपमध्ये नुसती धावपट्टी आणि विमानतळाचं नाव दिसत असेल, तर त्या अ‍ॅपवर या कामासाठी पैसे घालवू नका. पडद्यावर रेघ नाही याचा अर्थ आकाश मोकळं आहे असा होत नाही.

माहिती बरोबर असली तरी शिळी होते. एआयपीतले बदल २८ दिवसांच्या चक्राने लागू होतात. टॅबमधली माहिती त्याच चक्रात ताजी हवी. तात्पुरते निर्बंध नोटॅममधून, म्हणजे वैमानिकांसाठी काढलेल्या सूचनांमधून, येतात. तोफखान्याचा सराव, अतिमहत्त्वाच्या व्यक्तीचा दौरा, अशा गोष्टी अ‍ॅपच्या नकाशावर उमटतीलच असं नाही. नोटॅम वेगळे वाचायचे आणि हद्द कागदावर पेन्सिलीने काढायची. देवळाली हे तोफखान्याचं केंद्र असल्याने नाशिककडे जाणाऱ्याने हे कधीही टाळू नये.

काही जण एआयपीतले अक्षांश-रेखांश घेऊन स्वतःच नकाशावर रेघा उमटवणारी केएमएल फाइल बनवतात आणि अ‍ॅपमध्ये टाकतात. चांगली पद्धत आहे, पण त्यात दोन चुका पुन्हा पुन्हा होतात. पहिली: एआयपीत २०३०१५ उत्तर असं छापलेलं असतं, म्हणजे २० अंश ३० मिनिटं १५ सेकंद. ते दशांशात २०.५०४ होतं. घाईत कुणी २०.३०१५ लिहितो आणि बिंदू १२ नॉटिकल मैल दक्षिणेला सरकतो. हद्दीचा एकच कोपरा असा सरकला की आकृती तिरपी होते आणि नजरेत भरते. सगळेच कोपरे तसे लिहिले गेले तर आकृती सुबक दिसते आणि चूक लपते. दुसरी चूक वर्तुळांची. त्रिज्या नॉटिकल मैलांत दिलेली असते, आणि वर्तुळ काढणारं साधन किलोमीटर धरतं. २५ नॉटिकल मैलांचं वर्तुळ २५ किलोमीटरचं झालं तर प्रत्यक्षात साडेतेराच मैलांचं निघतं. उरलेली साडेअकरा मैलांची पट्टी पडद्यावर मोकळी दिसते. फाइल टाकल्यावर प्रत्येक हद्दीवरचा एक तरी बिंदू कागदी नकाशावर डिव्हायडरने मोजून बघा.

ब्रिटनमध्ये यासाठी 'टेक टू' नावाचा नियम शिकवतात: हद्दीपासून बाजूला दोन मैल आणि खाली-वर दोनशे फूट अंतर राखायचं. तिथे आकाश दाटीवाटीचं आहे. खान्देशात जागेची टंचाई नाही. हद्दीबाहेर पाच मैलांवर स्वतःची वेगळ्या रंगाची रेघ काढा आणि तिलाच हद्द माना. इशारा त्या रेघेवर वाजला तर वळायला तीन मिनिटं मिळतात. खऱ्या रेघेवर वाजला तर काहीच मिळत नाही.

उंचीच्या बाबतीत टॅबवर अजिबात विसंबू नका. हद्दीचा तळ आणि माथा क्यूएनएच (त्या ठिकाणचा, समुद्रसपाटीला आणलेला हवेचा दाब) लावलेल्या अल्टिमीटरवर, म्हणजे दाबावरून उंची दाखवणाऱ्या यंत्रावर, किंवा फ्लाइट लेव्हलवर (ठरावीक प्रमाण दाबावरून मोजलेल्या उंचीवर) ठरलेला असतो. टॅब दाखवतो ती जीपीएसची भौमितिक उंची. तापलेली हवा फुगलेली असते, त्यामुळे दोन्हींत फरक पडतो. जळगावात ४२ अंश असताना, क्यूएनएच अचूक लावून, अल्टिमीटर ४,५०० फूट दाखवत असेल, तर जीपीएस ४,८५० ते ४,९०० च्या आसपास दाखवेल. दोघंही आपापल्या जागी बरोबर आहेत. पण ज्या क्षेत्राचा तळ ५,००० आहे त्याच्याखाली उडताना टॅबकडे बघून घाबरून उंची कमी करणारा विद्यार्थी सातपुड्याच्या कडेला असेल तर नसत्या संकटात सापडतो. उलट, टॅबची उंची खरी धरून ४,९०० राखायला गेला तर अल्टिमीटर कमी दाखवेल, आणि टॉवरशी बोलताना दोन वेगळे आकडे तोंडात येतील. नियम एकच: उंची अल्टिमीटरची, जागा टॅबची. शक्य असेल तर अ‍ॅपमधली जीपीएस उंचीची चौकट काढूनच टाका.

क्यूएनएचचंही भान ठेवा. एका हेक्टोपास्कलला साधारण २८ फूट. कालचा १००३ तसाच राहिला आणि आज १०१५ असेल, तर अल्टिमीटर सव्वातीनशे फूट कमी दाखवतो. विमान प्रत्यक्षात तेवढं वर असतं आणि तळाखालून जाण्याऐवजी हद्दीच्या पोटात शिरतं.

आता ऊन. हा भाग अ‍ॅपलने खान्देशासाठी बनवलेलाच नाही. आयपॅड वापरण्याचं तापमान ० ते ३५ अंश सेल्सिअस असं कंपनी स्वतः सांगते. जळगाव-भुसावळला मे महिन्यात सावलीतच पारा ४५च्या घरात जातो. काचेखालच्या कॉकपिटमध्ये, काळ्या कव्हरात, मांडीवर थेट उन्हात ठेवलेला आयपॅड त्याहून कितीतरी तापतो. त्याचा क्रम ठरलेला असतो. आधी चार्जिंग थांबतं. मग पडदा आपोआप अंधुक होतो, ब्राइटनेस वर ओढली तरी वाढत नाही. ऊन पडलेल्या काचेवर आपलाच चेहरा दिसायला लागतो आणि नकाशा दिसेनासा होतो. आणि शेवटी सगळा पडदा जाऊन फक्त एक वाक्य उरतं: आयपॅड थंड झाल्याशिवाय वापरता येणार नाही. हे बहुधा सर्वांत नको त्या वेळी होतं, कारण चढाईत आणि वळणांत सूर्य कॉकपिटमध्ये फिरत असतो.

उपाय साधे आहेत, पण ते उड्डाणाच्या आधी करायचे असतात. विमानात शिरण्याआधी टॅब सावलीत, उष्णता अडवणाऱ्या डब्याच्या पिशवीत ठेवा. बर्फ किंवा जेल पॅक लावू नका, बाहेर काढताच पडद्याआड पाणी धरतं. जाड कव्हर काढा. पाठ उघडी असेल तर उष्णता बाहेर पडते. विमानातल्या हवेच्या झडपेचा झोत पाठीवर येईल अशी जागा निवडा. पॉवर बँकेने उन्हात चार्ज करू नका. पूर्ण चार्ज करून निघा, परतीच्या विमानतळावर सावलीत भरा. दहा हजार एमएएचची पॉवर बँक मिनीला एकदा पूर्ण भरून वर थोडी उरते. ब्राइटनेस शंभर टक्क्यांवर सोडून देऊ नका. आणि सगळ्यात कामाचं म्हणजे उड्डाण सकाळी सहा-सातला ठेवा. दुपारच्या सोलोमध्ये टॅब बंद पडणारच आहे असं धरून कागदी नकाशावर वेळांच्या खुणा करा: दर सहा मिनिटांना दहा मैलांची रेघ, प्रत्येक रेघेशी अपेक्षित वेळ आणि एक जमिनीची खूण. टॅब गेला तर शेवटची खूण ओलांडल्याची वेळ लिहिलेली हवी. ती नसेल तर कागदी नकाशाही उपयोगाचा नाही.

बसवण्याच्या बाबतीत गुडघ्याचा पट्टा सर्वांत बरा. काचेला चिकटणारा सक्शन कप उन्हात सुटतो आणि डावीकडची वाहतूक झाकतो. कंट्रोल कॉलमवरच्या क्लॅम्पने टॅब डोळ्यांसमोर येतो खरा, पण सेसनात कॉलम पूर्ण मागे ओढून दोन्ही बाजूंना पूर्ण फिरवून बघितल्याशिवाय इंजिन सुरू करू नका. टॅबचा कोपरा मांडीला लागला तरी कॉलम अर्ध्यात अडतो. आणखी एक गोष्ट फार थोडे जण तपासतात. आयपॅडच्या कडांमध्ये चुंबकं असतात. उभ्या विमानात टॅब हातात धरून चुंबकीय होकायंत्राकडे हळूहळू न्या. एका अंतरावर होकायंत्राची तबकडी थरथरते आणि वळू लागते. त्या अंतराच्या दुप्पट लांब टॅबची जागा ठेवा. होकायंत्र दहा अंश चुकलं आणि त्यावरून दिशा दाखवणारा जायरो जुळवला, तर टॅब बंद पडल्यावर तुमच्या हातात चुकीचं हेडिंग उरतं. साठ मैलांत दहा मैलांचा फरक.

सेटिंग्जचं थोडक्यात: ऑटो-लॉक 'नेव्हर', अ‍ॅपला 'प्रिसाइज लोकेशन', नोटिफिकेशन बंद. नकाशे घरीच उतरवून घ्या आणि एअरप्लेन मोड लावून संपूर्ण मार्ग एकदा बोटाने चालून पाहा; एखाद्या ठिकाणी करडी चौकट दिसली तर तो तुकडा उतरलेला नाही. एअरप्लेन मोडमध्येही जीपीएस चालतं, पण नेटवर्कशिवाय पहिला ठाव मिळायला वेळ लागतो. म्हणून ठिपका जागेवर आल्यावर मग मोड लावा.

एक गोष्ट कुठलाही टॅब करत नाही: तो तुमच्यासाठी परवानगी मागत नाही. इथे इंटरनेटवरचे अमेरिकन व्हिडिओ विद्यार्थ्यांची दिशाभूल करतात. अमेरिकेत सी आणि डी वर्गाच्या नियंत्रित क्षेत्रात शिरायला दुतर्फा रेडिओ संपर्क पुरतो; नियंत्रकाने तुमचं कॉल साइन (विमानाचं रेडिओवरचं नाव) घेऊन 'स्टँडबाय' म्हटलं तरी संपर्क झाला असं धरतात. भारतात डी वर्गात दृश्य उड्डाणालाही क्लिअरन्स, म्हणजे शिरायची परवानगी, लागतो. नियंत्रकाने तुमचं नाव घेतलं, 'स्टँडबाय' म्हटलं, क्यूएनएच दिला, हे काहीही क्लिअरन्स नाही. शिरण्याची स्पष्ट परवानगी कानांनी ऐकून, रेडिओवर परत म्हणून दाखवून, मग रेघ ओलांडायची. तोवर बाहेर, ओळखीच्या खुणेवर घिरट्या घालायच्या. पहिला कॉल हद्दीच्या किमान दहा मिनिटं आधी करा. दोनच मैल उरल्यावर केला आणि नियंत्रक दुसऱ्या विमानात गुंतलेला असला, तर उत्तर येईपर्यंत तुम्ही आत असता.

आणि तरीही आत शिरल्याचं लक्षात आलं तर? विमान सरळ आणि समतल ठेवा. घाबरून तीव्र वळण घेऊ नका. मागून कोण येतंय ते नियंत्रकाला माहीत असतं, तुम्हाला नाही. ज्याचं क्षेत्र आहे त्याच्या फ्रिक्वेन्सीवर कॉल साइन, 'स्टुडंट पायलट', जागा, उंची, हेडिंग सांगा. मी तुमच्या हद्दीत असू शकतो, सूचना द्या, एवढंच पुरे. फ्रिक्वेन्सी सापडत नसेल तर १२१.५, आणीबाणीची फ्रिक्वेन्सी. गप्प राहून हळूच बाहेर पडण्याचा मोह सर्वांत धोकादायक, कारण नियंत्रकाला अनोळखी विमानाभोवती प्रवासी विमानं वळवावी लागतात, आणि ते पुढे काय करेल याचा त्याला अंदाज नसतो. उतरल्यावर त्याच दिवशी इन्स्ट्रक्टरला आणि शाळेच्या सुरक्षा अधिकाऱ्याला लेखी सांगा. इथे टॅब पुन्हा कामी येतो: अ‍ॅपने नोंदवलेला मार्ग जपून ठेवा, पुसू नका. किती वाजता, कुठून, किती आत गेलात हे त्यातून नेमकं दिसतं, आणि चूक वाऱ्याच्या हिशेबात झाली की नकाशाच्या माहितीत, हेही कळतं.

एवढ्या सगळ्यासाठी नवाच घ्यायला हवा असं नाही. २०२१चा सहाव्या पिढीचा मिनी त्याच ८.३ इंच पडद्याचा आहे, आणि नकाशासाठी त्याची ताकद भरपूर आहे. वाचलेल्या पैशांत माहितीची वर्गणी, गुडघ्याचा चांगला पट्टा आणि कागदी नकाशा येतो. जुना घेताना दोन गोष्टी दुकानातच बघा. सेटिंग्जमध्ये जनरल, मग अबाउट उघडा: आयएमईआय क्रमांक दिसला तर सेल्युलर, नाही दिसला तर वाय-फाय, विकणारा काहीही म्हणो. मग टॅब काउंटरच्या काचेवर पालथा ठेवून चारही कोपरे बोटाने दाबा. डुलला, किंवा पडद्याची कड उचललेली दिसली, तर उन्हाने बॅटरी फुगलेली आहे. तो परत ठेवा.